चंद्रावरच्या गुराख्यांची मराठी

ईरा आणि निमिष, तुम्हा दोघांना,

निमिषने शाळेत सांगितलं, "माझी आजी अंतराळातल्या काउबॉयना मराठी बोलायला लावते," आणि त्याच्या बाईंनी "काय सुंदर कल्पनाशक्ती!" म्हणून त्याला स्टिकर दिला, हे फोनवर कळलं. स्टिकर ठेव, निमिष. पण ती कल्पनाशक्ती नव्हती, तो माझा व्यवसाय आहे. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे "तांत्रिक अनुवादातील अनुभव" मागितले होते. त्यांना मी सांगितलं की ते अनुभव वाचून वाचक फराळाआधीच झोपतील. त्यापेक्षा नातवंडांना लिहायचं ते इथेच लिहिते. तुम्ही मराठी हळू वाचता, म्हणून वाक्यं लहान ठेवीन.

माझा स्वभाव तुमच्या आईने तुम्हाला सांगितला असेलच. ताटात चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे आणि आमटीने वाटीबाहेर यायचं नाही. पुस्तकांच्या कपाटातसुद्धा रहस्यकथा वेगळ्या, विज्ञानकथा वेगळ्या. तुमची आई लहानपणी झोपाळ्यावर वाचून रहस्यकथा विज्ञानकथांत खोचून जायची, तेव्हा मला श्रीखंडात लसूण पडल्यासारखं व्हायचं.

नोकरीही मला साजेशीच मिळाली. पिंपरीतल्या एका कंपनीत परदेशी यंत्रांबरोबर जाडजूड इंग्रजी पुस्तकं यायची. यंत्र कसं चालवावं, कसं पुसावं, कुठे बोट घालू नये. ती मी मराठीत आणायची. माझ्या आधी हे काम बाहेरचे एक गृहस्थ करत. एका यंत्राला असं बटण होतं की चालवणाऱ्याचा हात सुटला की यंत्र आपोआप थांबायचं. इंग्रजीत त्याच्या नावात मेलेला माणूस येतो. गृहस्थांनी सरळ लिहिलं, "मयताचे बटण". मी रुजू झाले तेव्हा त्या बटणाला हळदकुंकू लागलेलं होतं, समोर उदबत्ती होती आणि ते दाबायला कोणी तयार नव्हतं. मी त्याचं "हात सुटता थांबा" केलं. उदबत्ती तरी बरेच महिने चालू राहिली. कशाला काढायची, म्हणाले.

निवृत्त झाल्यावर माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणीचा मुलगा मिलिंद घरी आला. त्याने कासारवाडीला स्टेशनजवळ छोटा स्टुडिओ टाकला होता. परदेशी मालिकांना मराठी आवाज द्यायचे, म्हणजे डबिंग.

"काकू, एक मालिका आलीय. संवाद मराठीत हवेत."

"विषय काय?"

"काउबॉय आहेत. पण चंद्रावर."

"म्हणजे घोड्यावर बसून पिस्तूल चालवणारे?"

"हो. पण घोडे कमी आहेत. यानं जास्त."

"मग ही घोड्यांची गोष्ट आहे की यानांची? एक काहीतरी ठरवायला सांग त्यांना."

मिलिंद हसला आणि पहिला भाग माझ्या संगणकावर टाकून गेला.

आता हे काम कसं असतं ते सांगते. पडद्यावरचा माणूस इंग्रजीत तोंड हलवतो, आणि त्याच हलणाऱ्या तोंडात आपल्याला मराठी बसवायची असते. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. त्याचे ओठ मिटले तिथे आपलंही असंच अक्षर आलं पाहिजे, नाहीतर माणूस मासा गिळल्यासारखा दिसतो. वाक्य त्याच्याइतकंच लांब हवं. आणि हे सगळं साधून अर्थही राहिला तर बोनस. शिवाय आमच्या स्टुडिओची स्वतंत्र अडचण अशी की लोणावळ्याची गाडी भोंगा देत गेली की रेकॉर्डिंग वाया. एकदा ते कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि दूर कुठल्यातरी ग्रहाभोवती शांतपणे फिरणाऱ्या यानाच्या मागून कासारवाडी स्टेशनातली गाडी निघाली.

पहिल्या भागाचे संवाद मी ज्या शिस्तीने यंत्रांची पुस्तकं लिहिली त्याच शिस्तीने लिहिले. नायक कॅप्टन डेल खलनायक मॉर्गोवर पिस्तूल रोखतो. मी लिहिलं, "कृपया आपले दोन्ही हात डोक्याच्या पातळीपेक्षा वर धरावेत."

डेलच्या आवाजासाठी मिलिंदने सुभाषला आणलं होतं. सुभाष कुरुळीचा. जुनं शेतकरी घराणं. थोडी जमीन एका कारखान्याखाली गेली, त्याच कारखान्याच्या शिफ्टला माणसं नेणाऱ्या बस आता तो चालवतो. पण त्याची खरी ख्याती माईकवर. बैलगाडा शर्यतीत घाटावर, म्हणजे बैल पळतात त्या चढावर, उभं राहून तो शर्यत वर्णन करून सांगतो. "भिर्रर्र" म्हणाला की बैलच काय, मोटारसायकलीही पळतात. त्याच्या स्वतःच्या शर्यतीच्या बैलाचं नाव रॉकेट.

सुभाषने माझी ओळ वाचली, हेडफोन काढला आणि काचेपलीकडून मला विचारलं, "मावशी, ह्यो मानूस गोळी घालणार हाय का रेशनकार्ड देणार हाय?"

मिलिंद पोट धरून हसला. मी नाही हसले.

"पुढची ओळ घ्या," मी म्हणाले.

पुढची ओळ होती, "घसा कोरडा पडला आहे. मी जरा सलूनमध्ये जाऊन येतो." इंग्रजीत जो शब्द होता तोच मी देवनागरीत लिहिला होता. तिकडे त्या नावाच्या ठिकाणी दारू पितात.

"घसा सुकल्यावर दाढी करत्यात व्हय तिकडं?" सुभाष म्हणाला.

चिंचवडमध्ये जन्म काढला, नवऱ्याला दर महिन्याला "जरा सलूनमध्ये जाऊन या" म्हणून पिटाळलं, आणि हे मला सुचलं नव्हतं! पुढची पानं उलटली तर सगळे गुंड सलूनमध्ये जमत होते, सलूनमध्ये भांडत होते, आणि एक बाई सलूनमध्ये पियानो वाजवत होती. मग शब्द शोधायला बसलो. मिलिंद म्हणाला, "परमिट रूम." मी विचारलं, चंद्रावर परमिट देणार कोण? "बार" म्हटलं तर हिंजवडीतल्या पोरांची पार्टी वाटते. शेवटी "गुत्ता" ठरला. चंद्रावरचा गुत्ता म्हटलं की तिथला ओलसर वाससुद्धा येतो.

मी सुभाषला विचारलं, "हात वर करा, हे तुम्ही कसं म्हणाल?"

"आमी? 'हात वर कर रं, न्हाई तर पेकाट मोडीन.'"

चित्र लावून बघितलं. डेलचे ओठ जिथे मिटत होते तिथे नेमका "पेकाट"चा प आणि "मोडीन"चा म पडला. मी माझी ओळ खोडली. सुभाषचं प्रत्येक म्हणणं बरोबर होतं असं मात्र समजू नका. त्याला प्रत्येक प्रसंगात "भिर्रर्र" घालायचं होतं, अंत्यविधीतसुद्धा. पण ते संवाद मी घरी नेऊन पुन्हा लिहिले. पृथ्वीवरून आलेले साहेबलोक आपल्या पुस्तकी मराठीत, आणि चंद्रावर जन्मलेले गुराखी, लुटारू, फौजदार सगळे कुरुळीच्या मराठीत. शेरीफचा फौजदार केला, आणि तिकडचे लोक टोपीला बोट लावून जे पुटपुटतात त्याचं "राम राम" केलं.

आणि पोरांनो, तिथेच मी बिघडले. कामासाठी पेन्सिल घेऊन बघत होते, ती पेन्सिल कधी खाली राहिली कळलं नाही. ही मालिका संपायच्या आत मी असल्या दुसऱ्या शोधायला लागले. अंतराळ आणि काउबॉय, अंतराळ आणि खून, यंत्रमानव आणि प्रेमकथा. ज्या बाईने आयुष्यभर आमटी वाटीबाहेर येऊ दिली नाही तिचं असं झालं.

अर्थात बिघडण्यातही माझी शिस्त आहे. मला यान जुनं लागतं. ज्याचे दरवाजे सुस्कारा टाकत आपोआप उघडतात आणि जिथे भिंतीवर एक डाग नाही, तिथे माझं मन रमत नाही. तिथे कोणी पाना शोधत नाही. यानात काहीतरी गळत असावं आणि कोणीतरी कांदा चिरत असावा. फौजदार एक आणि चंद्र पुष्कळ, म्हणजे तो वेळेवर पोचायची भीती नको. हेल्मेटवर टोपी घालणारा माझ्याकडे नापास. मानवजातीच्या भवितव्यावर कोणी लांब बोलायला लागला की मी कुकर लावून येते. यानात भूत चालेल, पण त्याला भूत व्हायला सबळ कारण हवं. बोलणारे घोडे कुठल्याही परिस्थितीत चालणार नाहीत.

तिकडे कॅनडात, तुमच्या कॅलगरीत, लोक खऱ्याच काउबॉय टोप्या घालून फिरतात, तरी तुम्हाला हे प्रकार विचित्र वाटतात. मला आता वाटत नाहीत. सुभाषच्या बांधाला लागून कारखान्याची भिंत आहे. भिंतीच्या आत यंत्रमानव गाड्यांची वेल्डिंग करतात, भिंतीच्या बाहेर रॉकेट कडबा खातो. दोघांपैकी कोणाला त्यात काही वावगं वाटलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. नमुन्याचा पहिला भाग तयार झाला. तो वाहिनीच्या लोकांना पसंत पडायचा होता, मगच सगळं पक्कं. पण सुभाषच्या मित्रांना एवढा दम कुठला? कुणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स छापायला चाललाच होता, त्याच्याबरोबर यांनी दुसरा छापला. कुरुळीच्या चौकात लागला. मध्ये हेल्मेट घातलेला सुभाष, शेजारी हेल्मेट घातलेला रॉकेट, मागे चंद्र, वर "चंद्राचे नायक सुभाषभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन", आणि खाली गॉगल घातलेला समस्त मित्रपरिवार.

फ्लेक्सचं एवढं नव्हतं. सुभाषचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणतात, ते घाटावरचे मुरलेले गाडामालक. बैलाचं कौतुक करतील, मुलाचं नाही. माईकवर बोलणं म्हणजे त्यांच्या मते रिकामटेकड्याने ओरडणं. बसचा धंदा म्हणजे दुसऱ्याची माणसं वाहणं. पण तो फ्लेक्स बघून नानांनी स्वतः घरोघर जाऊन सगळ्या भावकीला सांगितलं की आमचा सुभाष टीव्हीवर हिरो झालाय, बघायला या. असं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केलं होतं.

आणि मग वाहिनीकडून अनघा आली. हुशार, मृदू बोलणारी, माझ्या लेकीच्या वयाची. सगळा भाग तिने बघितला, तीन-चारदा मोठ्याने हसली, आणि म्हणाली, "काकू, भाषा फारच गोड झालीय हो. चंद्रावरचे सगळे असेच बोलू देत. फक्त हिरो..."

"हिरोचं काय?"

"हिरो प्रमाण मराठीत हवा. नाहीतर लोक त्याला विनोदी समजतील."

"अनघा, तो गुरं राखतो. त्याने काय बँकेच्या मॅनेजरसारखं बोलायचं?"

"मला पटतंय, काकू. पण वरून आलंय."

वरून आलंय म्हटल्यावर वाद संपतो. हे चंद्रावरही तसंच असावं.

मी म्हटलं, मग सुभाषच प्रमाण मराठीत बोलेल. त्याने प्रयत्न केला. जो माणूस घाटावर बोलायला लागला की डोंगरापलीकडे ऐकू जातं, तो "मी नक्की परत येणार आहे" म्हणताना शाळेत बक्षीस घ्यायला उभा राहिल्यासारखा ऐकू आला. पुन्हा घेतलं. या वेळी बक्षीसही मिळालं नाही. डेलचा आवाज पुण्याच्या एका नटाकडे गेला. तो चांगला नट होता आणि वेळेवर यायचा. पण त्याने "हात वर कर" म्हटलं की मला अजूनही "कृपया" ऐकू येतं. त्या दिवशी मी आणखी भांडायला हवं होतं असं अजून वाटतं.

सुभाष बाकावर बसून होता. मी म्हटलं, "फ्लेक्सचं वाईट वाटतंय का?"

"फ्लेक्स उतरवता येतो मावशी. नानांनी बोलवलेली भावकी कशी उतरवू?"

मिलिंद म्हणाला, "भाऊ, मॉर्गो घे ना. खलनायक आहे, पण चंद्रावरचा आहे. बोलतो तुझ्याचसारखा."

"किती भागांत हाय?"

मिलिंदने माझ्याकडे बघितलं.

"पहिल्याच भागात मरतो," मी म्हणाले. "गुत्त्यातल्या मारामारीत."

"जाहिरातींच्या आदी का नंतर?"

"आधी."

सुभाषने डोक्याला हात लावला. "म्हंजे भावकीला च्या द्यायच्या आत आमी खलास!"

तरी त्याने मॉर्गो घेतला, आणि असा घेतला की मूळचा मॉर्गो त्याच्यापुढे गोगलगाय वाटावा. अडचण मरताना आली. इंग्रजीत मॉर्गो ओरडतो की तू मला कधी पकडू शकणार नाहीस, आणि वाक्याच्या मध्येच गोळी लागते. इंग्रजीत मुख्य काम वाक्याच्या सुरुवातीलाच उरकलेलं असतं, म्हणून मध्ये मेलं तरी अर्थ पोचतो. मराठीत क्रियापद शेवटी. मॉर्गो म्हणायचा, "तू मला कधीच..." आणि ठो.

"कधीच काय?" सुभाष म्हणाला. "जेवायला बोलावलं न्हाईस? मावशी, मरायचं तर मरतो, पण वाक्य तरी पुरं करू द्या."

मराठी माणूस गोळीबारात फार लवकर मरतो, हे मला तेव्हा समजलं. मी क्रियापद पुढे आणलं: "घावणार न्हाई मी तुला!" बसलं. पण बसवताना तो तुकडा पुन्हा पुन्हा बघावा लागला, आणि एक गोष्ट दिसली. गोळी लागल्यावर मॉर्गो पिंपांच्या मागे पडतो. नंतर त्याचं प्रेत कोणी दाखवत नाही. नुसती पिंपं दिसतात आणि डेल पाठ करून निघून जातो.

आमच्या धंद्यात बोलणाऱ्याचं तोंड दिसत असेल तर आपण त्याचे नोकर. तोंड दिसत नसेल तर मात्र राज्य आपलं. पाठ वळलेली असेल, माणूस दाराआड असेल, तर तिथे आपण काहीही बोलवू शकतो. ओठ तपासायला कोणी नाही. आणि पिंपांना ओठ नसतात.

मी सुभाषला काचेपलीकडे पुन्हा उभं केलं. मिलिंद घाबरला. "काकू, तिकडच्या लोकांनी त्याला मारलाय!"

"त्यांनी इंग्रजीत मारलाय," मी म्हणाले.

अनघाला तो भाग पाठवला. तिचा फोन आला. "काकू, पिंपांच्या मागून काहीतरी आवाज आल्यासारखा वाटला."

"वारा असेल."

"चंद्रावर?"

मग तीच म्हणाली, "माझा हेडफोन जरा निसटला होता. पुन्हा ऐकत नाही मी."

ज्या संध्याकाळी तो भाग लागला, त्या संध्याकाळी सुभाषने शेडमधल्या बस बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या, पांढरं कापड ताणलं. मी आणि मिलिंदही गेलो. नाना पहिल्या रांगेत खुर्चीवर, फेटा बांधून. हिरो झालो नाही हे सुभाषने त्यांना सांगितलंच नव्हतं. तो मागे चहाच्या पातेल्याजवळ उभा राहून उकळलेला चहा पुन्हा उकळत होता.

डेल आला, बोलला. नाना कान देऊन म्हणाले, "ह्यो न्हाई आपला." भावकीत कुजबुज सुरू झाली.

मॉर्गो आला. गुत्त्याचं दार लाथेने उघडून गरजला, "कोन हाय रं तिकडं?" आणि सगळी शेड ओरडली, "आला! आला! सुभाषभाऊ आला!" नाना खुर्चीत पुढे सरकले. मॉर्गो बोलत होता तेवढा वेळ टाळ्या थांबल्या नाहीत, त्यामुळे मी जिवापाड बसवलेला एकही ओठ कोणी बघितला नाही.

मग गोळी लागली. मॉर्गो पिंपांमागे पडला. टाळ्या थांबल्या. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "एवढंच व्हय?" नानांनी हळूच पायाने चपला शोधून घातल्या. सुभाष पातेल्याकडे बघत राहिला, वर बघेना.

डेल पाठ करून दाराकडे निघाला. आणि पिंपांच्या मागून आवाज आला, "जा, जा! मेलो न्हाई अजून! येतोच मागनं!"

त्यानंतरच्या जाहिराती कोणाला ऐकू आल्या नाहीत. पोरं बसच्या टपावर चढून नाचली. नानांनी चपला परत काढल्या, खुर्चीत नीट बसले आणि मागे न वळता हुकूम सोडला, "सुभाष, च्या आन. आन् हितं म्होरं बस, मागं काय करतोस?"

सुभाष पुढे आला आणि त्यांच्या खुर्चीशेजारी सतरंजीवर बसला. नानांनी बशीत चहा ओतला आणि आधी त्याच्याकडे सरकवला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नानांनी माझा फोन नंबर मिळवला. दर आठवड्याला भाग लागायच्या आदल्या दिवशी फोन येतो, "बाई, या बारीला कुटं हाय आमचा?" काय सांगणार? आतापर्यंत मॉर्गो खडकामागून हसला आहे, विहिरीतून शिव्या दिल्या आहेत, आणि डेलच्या लग्नात मंडपामागे जेवण बरं नसल्याची तक्रार केली आहे. त्या परदेशी मालिकेत तो केव्हाच मेला. डेल त्याचं नावही काढत नाही. अनघाचा हेडफोन दर आठवड्याला निसटतो.

या आठवड्याचा भाग मात्र अवघड आहे. सगळा वेळ एका छोट्या यानात पाच माणसं समोरासमोर बसली आहेत, सगळ्यांची तोंडं स्वच्छ दिसतात, एक पाठ नाही, एक खडक नाही. यानाच्या बाहेर नुसती पोकळी, हवेचा कण नाही, तिथे आवाज पोचत नाही हे मला इंग्रजीत आणि मराठीत दोन्हीकडे माहीत आहे. नानांचा फोन आत्ताच येऊन गेला. मी सांगितलंय की दाराबाहेर उभा आहे, कडी वाजवील.